ऑफिसचा डिजिटल फोन घरच्या साध्या लाइनवर चालतो का? (केएक्स-डीटी343 आणि अवाया 9508)

रुईकर_कॉलनी

नमस्कार मंडळी. ऑफिसमधून निघालेले दोन टेबल फोन घरी वापरायचे आहेत: पॅनासॉनिक केएक्स-डीटी343 आणि अवाया 9508. घरची लाइन 0231 ची (कोल्हापूर), पूर्वी तांब्याच्या तारेवर होती, आता फायबर आहे. ओएनटीच्या (फायबर घरात येऊन जोडली जाते तो छोटा डबा) फोनच्या भोकात साधा फोन लावला की डायलटोन मिळतो. तिथंच डीटी343 लावला तर स्क्रीन कोरी, आवाज नाही, काहीच नाही. 9508 अजून लावलेला नाही.

विचारायचंय ते असं. फोन खराब आहे की हे चालतच नाही? मधे एखादा अ‍ॅडॅप्टर बसतो का? आणि 9508 लावून बघितला तर काही बिघडेल का?

तारजोड्या

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे: 9508 लावू नका. कारण खाली येतंय.

डीटी343 खराब आहे असं यावरून ठरत नाही. डिजिटल फोन हा एकट्यानं पुरा फोन नसतोच. साध्या फोनमध्ये घंटी, डायल करायचं सर्किट आणि बोलण्या-ऐकण्याची हायब्रिड कॉइल किंवा आयसी हे सगळं आतच असतं, त्याला फक्त दोन तारा लागतात. डिजिटल सेटमध्ये बटणं, स्क्रीन, माइक आणि स्पीकर तेवढे आहेत. तुम्ही 5 दाबलं की फोन टोन काढत नाही, "5 चं बटण दाबलं गेलं" एवढा निरोप ईपीएबीएक्सला (ऑफिसमधले सगळे फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी) जातो. स्क्रीनवर काय लिहायचं, कुठला दिवा पेटवायचा, घंटी कधी वाजवायची हे सगळं तिकडून ठरून येतं. डायलटोनसुद्धा ईपीएबीएक्सच तयार करतं. म्हणजे फोनचा मेंदू भिंतीवरच्या पेटीत राहिलाय आणि तुमच्याकडं हातपाय आलेत.

आता तारेवर काय असतं ते बघा.

साधी लाइन, फोन खाली ठेवलेला: सुमारे 48 व्होल्ट डीसी. फोन उचलला की तेच 6 ते 10-12 व्होल्टवर उतरतं आणि 20 ते 40 मिलिअँपिअर करंट वाहायला लागतो. करंट वाहिला हीच एक्स्चेंजला "फोन उचलला" अशी खूण. घंटी म्हणजे त्याच दोन तारांवर अंदाजे 75 व्होल्ट एसी, 25 हर्ट्झ.

डिजिटल एक्स्टेंशन (पेटीतून एका फोनला जाणारी जोडणी): डीसी इथंही असतं, पण ते फोनला वीज द्यायला, आणि कंपनीप्रमाणे 24 ते 48 व्होल्टच्या दरम्यान कितीही. त्यावर स्वार होऊन डेटा जातो. ढोबळ मांडणी आयएसडीएनसारखी (टेलिफोनची जुनी डिजिटल लाइन), आवाजासाठी 64 किलोबिटची वाहिनी आणि बटणं-दिवे यांच्या निरोपासाठी वेगळी 16 किलोबिटची. एकाच जोडीवरून जाणं-येणं दोन्ही करायचं म्हणून बहुतेक कंपन्या आळीपाळीनं पाठवतात: आधी पेटी बोलणार, मग फोन, आणि हे सेकंदात हजारो वेळा. नेमकी भाषा प्रत्येक कंपनीची स्वतःची.

त्यामुळं दोन रुपयांची तार बदलून किंवा पिना उलटसुलट करून हे जमणार नाही. एकीकडं आवाजाची लहर आहे, दुसरीकडं आकड्यांची भाषा.

गुजरी_एक्स्टेंशन

तारजोड्यांना अनुमोदन. त्यांनी 9508 ला हात लावू नका म्हटलं त्यामागचं कारण सांगतो, कारण इथं दोन फोनमध्ये फरक आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

आरजे11 प्लगमध्ये चार पिना असतील तर मधल्या दोन आणि बाहेरच्या दोन अशा दोन जोड्या होतात. साधी लाइन नेहमी मधल्या जोडीवर येते. पॅनासॉनिकच्या डिजिटल सेटचा डेटा मात्र बाहेरच्या जोडीवर असतो (वायरिंगच्या कागदावर डी1, डी2 लिहिलेलं असतं). मधली टी आणि आर ही जोडी त्यांनी साध्या फोनसाठी ठेवलीय. म्हणून तुमचा डीटी343 ओएनटीला लावला तेव्हा लाइनच्या तारा फोनच्या आतल्या सर्किटला लागल्याच नाहीत. स्क्रीन कोरी राहिली आणि फोन वाचला.

अवाया, जुने नॉर्टेल, मॅट्रिक्सचे इऑन असे एका जोडीवर चालणारे सेट मधलीच जोडी वापरतात. तिथं ओएनटीचे 48 व्होल्ट आणि वर घंटीचा एसी थेट डेटाच्या ट्रान्सफॉर्मरवर आणि आयसीवर जातो. कधी काही होत नाही, कधी पहिल्याच घंटीला सेट कायमचा गप्प. दुरुस्ती कुणी करत नाही, बोर्डच बदलावा लागतो. प्रयोग म्हणूनसुद्धा लावू नका.

दुसरा त्रास लाइनला होतो. डिजिटल सेट वीज ओढायला लागला की एक्स्चेंजला वाटतं फोन उचललाय. थोडा वेळ डायलटोन देऊन ते लाइन बाजूला टाकतं, आणि बाहेरून करणाऱ्याला तुमचा नंबर सारखा एंगेज. लाइनमन लोक याला "पीजी" म्हणतात, परमनंट ग्लो. तांब्याच्या लाइनवर तक्रार देऊन माणूस डीपीपर्यंत (रस्त्यावरच्या तारजोडणीच्या पेटीपर्यंत) येऊन जातो आणि दोष घरातल्या चुकीच्या फोनचा निघतो. नंबर सतत एंगेज येत असेल तर आधी घरातले सगळे फोन काढा, 2 मिनिटं थांबा, एकच साधा फोन लावून बघा.

रुईकर_कॉलनी

छान समजावलं, धन्यवाद. डीटी343 ला मागं दोन भोकं आहेत. दुसऱ्यात लाइन लावली तर?

गुजरी_एक्स्टेंशन

नको. नीट वाचा, एकावर "टू पीबीएक्स" किंवा "टू ईएमएसएस" असं असतं, दुसऱ्यावर "टू टेल". दुसरं भोक लाइन आत घ्यायला नाही, साधा फोन बाहेर जोडायला आहे. त्याला एक्सडीपी म्हणतात: ईपीएबीएक्समध्ये सेटिंग केलं की एकाच पोर्टवर डिजिटल सेट आणि साधा फोन (कॉर्डलेस वगैरे) वेगवेगळ्या एक्स्टेंशन नंबरनं चालतात. वरच्या मजल्याला दुसरी तार न ओढता कॉर्डलेस द्यायचा असेल तर सोय फार कामाची, पण पेटी असेल तरच.

बावडा_आयपी

फोन ओळखण्याचा मुद्दा इथंच नोंदवून ठेवू या, कारण जुन्या बाजारात सगळे काळे फोन सारखेच दिसतात.

खालचं लेबल बघा. टोन-पल्सचं सरकतं बटण आणि घंटीचं हाय-लो-ऑफ बटण असेल तर शक्यतो साधा फोन. डिजिटल सेटला हे नसतं, घंटीचा आवाज बटणांनीच बदलतो. आरईएन (फोनचा घंटीवरचा भार) असा आकडा छापलेला असेल तरी तो साध्या लाइनचा.

पॅनासॉनिकमध्ये केएक्स-टी76 मालिका आणि केएक्स-डीटी म्हणजे डिजिटल. केएक्स-टी77 मालिका (7730 सारखे) डिजिटल नाहीत, तरीही साध्या लाइनवर चालत नाहीत. ते मधल्या जोडीवर आवाज आणि बाहेरच्या जोडीवर बटणांचा डेटा अशा चार तारांवर चालतात आणि त्यांना केएक्स-टीईएस824 सारखी पेटी लागते. केएक्स-एनटी म्हणजे आयपी (नेटवर्कच्या तारेवर चालणारे), पण पॅनासॉनिकच्याच पेटीशी बोलणारे. केएक्स-एचडीव्ही म्हणजे सरळ सिप फोन (सिप ही आयपीवरून बोलायची सगळ्या कंपन्यांना सामाईक भाषा), तो कुठल्याही सिप पेटीवर चालतो.

अवायात गोंधळ जास्त: 9508 डिजिटल, 9608 आयपी. दिसायला जवळजवळ भाऊ. घेताना एका आकड्यानं फसगत होते.

तारजोड्या

लेबल फाटलं असेल, भिंतीतला सॉकेट कुठला आहे ते कळत नसेल तर मीटरनं बघा. एका कामासाठी एवढं पुरे:

मीटर डीसी 200 व्होल्टवर. सॉकेटच्या मधल्या दोन तारांवर मोजा. 45 ते 54 च्या दरम्यान आलं आणि साधा फोन उचलल्यावर ते 6-12 पर्यंत कोसळलं, वर डायलटोन आला, तर ती साधी लाइन. व्होल्ट दिसतात पण साधा फोन उचलल्यावर नुसती घरघर किंवा बारीक किरकिर ऐकू येते, डायलटोन नाही, तर ते डिजिटल पोर्ट. मधल्या जोडीवर शून्य आणि बाहेरच्या जोडीवर व्होल्ट, तर बहुधा पॅनासॉनिकचं डिजिटल एक्स्टेंशन.

मोजताना उघड्या तारेला बोट लावू नका. 48 व्होल्टला काही जाणवत नाही, पण त्याच क्षणी कुणाचा फोन आला तर घंटीचा झटका चांगलाच बसतो.

उलटा प्रकारही लक्षात ठेवा. ऑफिसच्या डिजिटल सॉकेटला फॅक्स, जुनं मोडेम किंवा फोन लाइनवर चालणारं कार्ड स्वाइप मशीन लावू नये. ती यंत्रं साध्या लाइनच्या करंटसाठी बनवलेली असतात, डिजिटल पोर्टवर मोडेमचा पुढचा भाग जळू शकतो.

रुईकर_कॉलनी

म्हणजे पेटी घ्यावी लागणार. डीटी343 साठी कुठली? टीईएस824 सगळीकडं मिळते असं ऐकलंय.

गुजरी_एक्स्टेंशन

तीच चूक सगळे करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

केएक्स-टीईएस824 ची पेटी छोटी, 3 ट्रंक (बाहेरच्या लाइन) आणि 8 एक्स्टेंशनची, कार्डं टाकून 8 आणि 24 पर्यंत वाढते. दुकान, दवाखाना यांना पुरते. पण ती अ‍ॅनालॉग हायब्रिड आहे. तिला केएक्स-टी77 मालिकेचे सेट आणि साधे फोन चालतात, डीटी343 नाही. लावलात तर परत कोरी स्क्रीन.

डीटी343 साठी पॅनासॉनिकची केएक्स-टीडीए किंवा त्यानंतरच्या पिढीची, डिजिटल एक्स्टेंशन असलेली पेटी लागते. जुनी घेताना पैसे द्यायच्या आधी समोर चालू करून या गोष्टी बघा:

एक, ट्रंक कार्ड आहे का. नुसती एक्स्टेंशनची कार्डं असलेली पेटी स्वस्तात मिळते, पण बाहेरची साधी लाइन घेणारं कार्ड (एलसीओटी) नसेल तर तुमच्या घरच्या लाइनला ती निरुपयोगी.

दोन, डिजिटल किंवा डिजिटल हायब्रिड एक्स्टेंशन कार्ड आहे का. नुसतं एसएलसी म्हणजे फक्त साधे फोन.

तीन, मुख्य कार्डात एसडी कार्ड आहे का. टीडीए जातीच्या पेटीचं सॉफ्टवेअर आणि सेटिंग त्या एसडी कार्डात असतं. ते काढून घेतलेलं असेल तर पेटी सुरूच होत नाही, आणि कॅमेऱ्याचं साधं कार्ड घालून भागत नाही.

चार, आतला लिथियम सेल. मेला असेल तर वीज गेली की तारीख-वेळ आणि काही वेळा सेटिंग उडतं. हा बदलता येतो, म्हणून एवढ्यासाठी सौदा मोडू नका.

पाच, पासवर्ड. मूळ पासवर्ड बहुधा 1234 असतो. आधीच्या मालकानं बदललेला असेल तर सगळं मिटवून पहिल्यापासून सेट करावं लागतं. तो विकणाऱ्याकडूनच लिहून घ्या.

आणि 9508 पॅनासॉनिकच्या कुठल्याच पेटीवर चालणार नाही. त्याला अवायाची आयपी ऑफिस पेटी पाहिजे. एका सेटसाठी ती घेणं मला पटत नाही. तो फोन ज्याच्याकडं ती पेटी आहे त्याला द्या, त्याच्या कामाला येईल.

गडहिंग्लज_फायबर

ओएनटीच्या बाजूनं काही गोष्टी, कारण आता बहुतेकांच्या लाइन फायबरवरच आहेत.

ओएनटीच्या फोनच्या भोकाला एफएक्सएस म्हणतात. तिथं एक्स्चेंजचं काम तो छोटा डबाच करतो: 48 व्होल्ट, डायलटोन, घंटी सगळं तोच बनवतो आणि आवाज आयपीवरून पाठवतो. ईपीएबीएक्सच्या दृष्टीनं ती साधी लाइनच. म्हणून ओएनटीच्या एफएक्सएस भोकातून तार काढून ईपीएबीएक्सच्या ट्रंकच्या (सीओ) भोकात घालायची. एक्स्टेंशनच्या भोकात नाही! एफएक्सएस आणि एक्स्टेंशन दोन्ही वीज देणारी टोकं आहेत, समोरासमोर जोडली तर दोन्हीपैकी एक पोर्ट जाऊ शकतं. वीज देणारं टोक नेहमी वीज घेणाऱ्याला जोडायचं, एवढं ध्यानात ठेवलं की चूक होत नाही.

ओएनटीची घंटी तांब्याच्या लाइनइतकी जोरकस नसते. एकाच भोकावर समांतर तीन-चार जुने फोन टाकले तर घंटी मरगळते किंवा वाजतच नाही. ईपीएबीएक्स मधे आलं की हा प्रश्न सुटतो, कारण ओएनटीला फक्त एक ट्रंक दिसते आणि एक्स्टेंशनच्या घंट्या पेटी स्वतः वाजवते.

कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर दोन ठिकाणी बघायचं. नंबर पाठवायच्या एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन पद्धती आहेत. ओएनटी एक पाठवतोय आणि पेटी दुसरीची वाट बघतेय असं असलं की स्क्रीन रिकामी. शिवाय कित्येक छोट्या पेट्यांत नंबर ओळखायचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं, ते नसेल तर सेटिंग कितीही फिरवा.

राधानगरी_रोड

मला "0" चा त्रास इथं सांगायचाय, कारण जुनी पेटी घरी लावणाऱ्या प्रत्येकाला तो येणार.

15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी 0 लावणं सक्तीचं आहे. जुन्या पेट्यांत एसटीडी लॉक असतं, 0 नं सुरू होणारा नंबर बंद. त्या काळी बरोबर होतं, आज त्या लॉकमुळं एकही मोबाइल लागत नाही आणि माणूस लाइन खराब समजतो.

कुणी म्हणेल 06, 07, 08, 09 तेवढे उघडू. मोबाइल नंबर 6 ते 9 नंच सुरू होतात हे खरं, पण नागपूरचा कोड 0712, गोव्याचा 0832, बंगळूरचा 080. म्हणजे नुसत्या पहिल्या दोन आकड्यांवरून एसटीडी आणि मोबाइल वेगळे काढता येत नाहीत. सरळ 0 उघडा आणि 00 तेवढं बंद ठेवा, म्हणजे आयएसडी थांबतं.

पेटीतले स्पीड डायलसुद्धा तपासा. 2021 आधी भरलेले मोबाइल नंबर 0 शिवाय असणार.

रुईकर_कॉलनी

हे फारच उपयोगी. वायरिंग घरात आधीपासून आहे, हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून वर. तेच चालेल?

तारजोड्या

ते समांतर वायरिंग आहे, एकाच जोडीवर तीन सॉकेट. साध्या फोनला चालतं, डिजिटलला नाही. डिजिटलमध्ये एका जोडीवर एकच सेट, आणि मधे लोंबणारा फाटा नको. न वापरलेला सॉकेटचा फाटासुद्धा डेटाचा प्रतिध्वनी परत पाठवतो आणि सेट मधेच बंद-चालू व्हायला लागतो. पेटीपासून प्रत्येक सेटला स्वतंत्र तार ओढा.

तार 0.5 मिमीची, दोन जोड्यांची. घरात कॅट5 पडलेली असेल तर उत्तमच: निळी जोडी मधल्या पिनांना, केशरी जोडी बाहेरच्या पिनांना, उरलेल्या दोन जोड्या राखीव. सगळीकडं हाच क्रम पाळा आणि पेटीच्या झाकणाच्या आतून कागदावर लिहून चिकटवा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे फोनची चपटी दोरी. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच दोऱ्यांत दोनच तारा असतात, फक्त मधल्या. साध्या फोनला पुरतात. तीच दोरी पॅनासॉनिकच्या डिजिटल सेटला लावली की बाहेरची जोडी नाहीच, स्क्रीन कोरी, आणि दोष कार्डाला. प्लग उजेडात धरून आत सोनेरी पिना चार आहेत का मोजा.

सांधे पिळून टेप मारू नका. क्रोन मॉड्यूल (तारा दाबून बसवायची जोडपट्टी) घ्या आणि क्रोनच्या हत्यारानंच तार बसवा, स्क्रू-ड्रायव्हरनं दाबली की दात वाकतात. आपल्याकडच्या पावसात पिळलेला सांधा दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. लाइनवर खरखर, त्यातही पाऊस पडला की जास्त, याचं कारण बहुतेक वेळा रोझेटमधला (भिंतीवरची फोनची डबी) किंवा गच्चीवरचा असा सांधाच.

कसबा_गेट

वीज आणि वळीव यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एप्रिल-मे मधल्या वळवाच्या विजा ईपीएबीएक्सची ट्रंक कार्डं खातात. तांब्याची लाइन असेल तर ट्रंकच्या आधी तीन पायांची 230 व्होल्टची जीडी ट्यूब (विजेचा झटका अर्थिंगला वळवणारी गॅसची नळी) दोन्ही तारांना लावा, मधला पाय अर्थिंगला. अर्थिंग नसेल तर ट्यूब नुसती शोभेची, वीज जाणार कुठं? पेटीच्या फ्रेमचा अर्थही जोडा.

फायबरवर लाइनमधून वीज येत नाही, काच आहे ती. पण मग ती ओएनटीच्या आणि पेटीच्या अ‍ॅडॅप्टरमधून येते, आणि दोन इमारतींत उघड्यावरून ओढलेल्या एक्स्टेंशनच्या तारेतून येते. दुकान समोर आणि घर मागं अशी लाइन गच्चीवरून नेली असेल तर जीडी ट्यूब त्या तारेला पाहिजे, दोन्ही टोकांना.

वीज गेल्यावर काय? डिजिटल सेट पेटीच्या विजेवर चालतो, पेटी बंद म्हणजे सेट बंद. बहुतेक पेट्यांत पॉवर फेल्युअरचा रिले असतो: वीज गेली की पहिली ट्रंक ठराविक एका एक्स्टेंशनला थेट जोडली जाते. पण त्या एक्स्टेंशनवर साधा फोन असेल तरच उपयोग. म्हणून ते पोर्ट शोधा आणि तिथं साधा फोनच ठेवा. फायबरवर मात्र ओएनटीला बॅकअप नसेल तर याचाही उपयोग नाही. ओएनटी बहुधा 12 व्होल्टवर चालतो, त्याला छोटा डीसी यूपीएस आणि पेटीला वेगळा यूपीएस, दोन्ही पाहिजेत.

आणि जागा. शाहूपुरी, नागाळा पार्क, पंचगंगेच्या बाजूचा भाग इथं ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चं पाणी सगळ्यांनी बघितलंय. पेटी तळमजल्यावर टेबलाखाली ठेवू नका. जिन्याच्या वरच्या टप्प्यावर भिंतीला लावा, तारा खालून वर न आणता वरून खाली उतरवा.

बावडा_आयपी

डिजिटल सेटचा हट्ट नसेल तर दुसरा मार्गही सांगतो. सिप फोन घ्या, आणि साधी लाइन आत घ्यायला एफएक्सओ पोर्ट असलेला गेटवे. ग्रँडस्ट्रीम एचटी813 मध्ये एक एफएक्सएस आणि एक एफएक्सओ आहे. ओएनटीची तार एफएक्सओ मध्ये, बाकी सगळं घरच्या नेटवर्कवर. दोनपेक्षा जास्त फोन असतील तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ईपीएबीएक्सचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क. डीटी343 आणि 9508 यात बसणार नाहीत, पण बाजारात सिप फोन सहज मिळतात आणि ते कुठल्याही एका पेटीला बांधलेले नसतात.

इथं दोन सेटिंग चुकतात. इम्पिडन्स 600 ओहम ठेवा, नाहीतर आपलाच आवाज परत कानात येतो. दुसरं, डिस्कनेक्ट टोन. आपल्याकडचा एंगेज टोन 400 हर्ट्झ, 750 मिलिसेकंद चालू, 750 बंद. गेटवे बहुधा अमेरिकेच्या टोनवर येतो (480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद). तो न बदलल्यास समोरच्यानं फोन ठेवला तरी गेटवेला कळत नाही आणि लाइन अडकून राहते.

गुजरी_एक्स्टेंशन

ही अडकण्याची गोष्ट ईपीएबीएक्सवरही होते. माणसानं उचललेला कॉल असेल तर तो रिसीव्हर ठेवतो आणि ट्रंक सुटते, त्यामुळं कळत नाही. ऑटो अटेंडंट (आपोआप कॉल उचलणारा रेकॉर्ड केलेला आवाज), व्हॉइसमेल किंवा बाहेरून आलेला कॉल परत बाहेर मोबाइलला वळवणं, या तीन ठिकाणी कुणीच रिसीव्हर ठेवत नाही. समोरचा गेला तरी ट्रंकचा दिवा लालच. पेटीत एंगेज टोन ओळखण्याची सोय असेल तर चालू करा, नसेल तर वळवलेल्या कॉलला जास्तीत जास्त मिनिटांची मर्यादा घाला.

रुईकर_कॉलनी

समजा टीडीए मिळाली. पहिल्यांदा चालू करताना क्रम काय ठेवू?

गुजरी_एक्स्टेंशन

पेटी बंद ठेवून आधी अर्थ, मग एकच डिजिटल सेट पहिल्या डिजिटल पोर्टला चार तारांच्या छोट्या दोरीनं, घरचं वायरिंग मधे न आणता. ट्रंक जोडू नका. पेटी चालू करा. सेटवर तारीख-वेळ किंवा एक्स्टेंशन नंबर दिसला की सेट, दोरी आणि कार्ड तिन्ही ठीक. नाही दिसला तर सेट दुसऱ्या डिजिटल पोर्टला लावा, मग दोरी बदला.

दोन सेट असतील तर आपसात एक्स्टेंशन लावून बघा. हे झालं की ट्रंक जोडा. सेटवरून 9 दाबा, ओएनटीचा डायलटोन आला पाहिजे. आपलाच मोबाइल 9 नंतर 0 लावून फिरवा. लागला नाही तर राधानगरी_रोड यांनी सांगितलेला लॉक बघा. मग मोबाइलवरून घरचा नंबर लावा: घंटी कुठल्या एक्स्टेंशनला वाजते ते ट्रंकच्या सेटिंगमध्ये ठरतं. सुरुवातीला सगळ्यांना वाजू दे.

सगळ्यात शेवटी घरचं वायरिंग, एकेक सॉकेट जोडत आणि तपासत. सगळं एकदम जोडून चालू केलं तर दोष कुठं आहे ते शोधण्यात दिवस जातो.

तारजोड्या

माझं मत स्पष्ट लिहितो, पटलं तर घ्या. एक लाइन, एक फोन, एवढीच गरज असेल तर पेटी घेऊ नका. चांगला साधा फोन किंवा कॉर्डलेस लावा, वर्षानुवर्षं चालेल. दुकान आणि घर जोडायचं असेल, वर-खाली तीन-चार ठिकाणी बोलायचं असेल, एकाचा कॉल दुसऱ्याला द्यायचा असेल, तर पेटी घ्या. मग डीटी343 सारखा सेट हातात घेतल्यावर बटणांची आणि स्पीकरची किंमत कळते. फक्त फोन फुकट मिळाला म्हणून पेटी, कार्ड, यूपीएस, वायरिंग या मागं लागलात तर खर्च फोनच्या कितीतरी पट जाईल.

रुईकर_कॉलनी

आम्हाला वर-खाली आणि मागच्या वर्कशॉपला मिळून चार ठिकाणी पाहिजे, त्यामुळं ट्रंक कार्ड आणि एसडी कार्ड बघूनच टीडीए शोधतो. 9508 ज्यांच्याकडं आयपी ऑफिस आहे त्यांनी व्यनि करा, कोल्हापुरात असाल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. दोरी आत्ताच बघितली, माझ्याकडच्या दोन्ही दोन-दोन तारांच्याच निघाल्या.

तारजोड्या

चार तारांच्या दोऱ्या घेताना एक जास्तीची घ्या. आणि वर्कशॉपची तार गच्चीवरून जात असेल तर जीडी ट्यूब विसरू नका.